न उतरणारा थकवा

दिवसभर कांदा काढला, संध्याकाळी कंबर धरली, रात्री पाठ टेकली आणि पहाटे माणूस पुन्हा उभा राहिला, तर ती दमणूक. ती कष्टाची सोबतीण आहे, तिची भीती वाटायचं कारण नाही. पण रात्रभर झोपूनही सकाळी अंग उचलत नाही, परवाच्या कामाचा शीण आज जास्त जाणवतो, गेल्या दिवाळीत हसत-खेळत झालेलं काम या दिवाळीत निम्म्यावरच सुटतं, तेव्हा गोष्ट वेगळी असते. हे प्रकरण अशा थकव्याविषयी आहे: महिनोन् महिने मुक्काम ठोकणाऱ्या आणि दिवसेंदिवस वाढत जाणाऱ्या.

त्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके मी मुद्दाम निवडले आहेत. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला सह्याद्रीला टेकलेल्या या पट्ट्यात कष्टाचे जवळजवळ सगळे प्रकार एकत्र सापडतात. पूर्वेला कुकडी आणि घोडच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षं. सातगाव पठारावर बटाटा. नारायणगावचा टोमॅटो बाजार आणि मंचरचा कांदा बाजार याच मातीवर उभे आहेत. पश्चिमेला घाटघर, इंगळूण, आंबे-हातवीज, आहुपे, तिरपाड अशी डोंगरातली गावं. तिथे पावसाळ्यात भात, नाचणी, वरई आणि उन्हाळ्यात हिरडा. भाताचं काम सरलं की इथली महादेव कोळी, ठाकर, कातकरी कुटुंबं मजुरीसाठी पूर्वेकडे उतरतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येऊन पाचटाच्या कोप्या घालतात. या माणसांनी थकून चालत नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने त्यांचा थकवा फार उशिरा कुणाच्या लक्षात येतो.

बागायती भागातल्या एखाद्या मध्यमवयीन बाईचा दिवस बघा. पहाटे उठून शेण काढणं, धारा, डेअरीची किटली. मग भाकऱ्या, मुलांचे डबे, सासऱ्यांचा चहा. नऊच्या आत टोमॅटोच्या तोड्यावर. वाकून फळ तोडायचं, घमेल्यात भरायचं, बांधावरच्या क्रेटपर्यंत न्यायचं. भरलेलं क्रेट वीस किलोच्या पुढे जातं, ते दोघींनी धरून गाडीजवळ आणायचं. दुपारची भाकरी बांधावर आणि त्यावर लगेच चहा. दिवस मावळता घरी, की पुन्हा धारा, पुन्हा चूल. जेवायला ती सगळ्यांच्या शेवटी बसते. तोवर भाजीचा रस्सा उरलेला असतो, भाजी संपलेली असते. या दिवसात थकव्याची निदान तीन कारणं लपली आहेत, आणि त्यांतलं एकही तिच्या आळसाचं नाही.

पुरुषाची रात्र बघा. शेतीपंपाची थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. पाळी रात्रीची आली की मध्यरात्री बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला जावं लागतं. जुन्नरच्या ऊसपट्ट्यात याला बिबट्याची जोड आहे. गेली दोन दशकं इथला बिबट्या उसातच राहतो, उसातच वितो. अशा रानात अंधारात पाणी भरणाऱ्याचा एक कान सतत पाचटाच्या आवाजाकडे असतो. पहाटे घरी येऊन त्याने डोळा मिटला तरी ती झोप दिवसाची, तुकड्यातुकड्यांची. रात्रपाळी करणाऱ्या माणसाची झोप, भूक, साखर आणि रक्तदाब या सगळ्यांची लय बिघडते, हे वैद्यकाने पुरतं दाखवून दिलेलं आहे. शेतकऱ्याच्या या रात्रपाळीला मात्र कुणी रात्रपाळी म्हणत नाही. शेतीला दिवसा वीज द्या ही इथल्या लोकांची मागणी पिकासाठी आणि जिवासाठी आहेच. माझ्या मते ती आरोग्याची मागणी म्हणूनही मांडली पाहिजे.

आता या थकव्यावर आपल्याकडे काय उपाय होतो तो बघू. "डॉक्टर, अंगात काही राहिलं नाही, एक सलाईन लावा." पेशंट हे आपणहून मागतो. बाटली लागते, तासभर पडून राहायला मिळतं, घरची माणसं उशाशी बसतात, आणि दोन दिवस बरं वाटतं. बरं वाटण्यात खोटं काही नाही. पडून राहायला मिळालं हाच अर्धा उपचार असतो. पण बाटलीत काय आहे? पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण शंभर कॅलरी. एका केळ्यात तेवढं सहज मिळतं. उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी गेलं असेल तर सलाईन जीव वाचवतं. जुन्या अशक्तपणावर ते काहीच करत नाही. त्याहून वाईट प्रकार 'ताकदीच्या' गोळ्या-इंजेक्शनांचा. कधी कधी त्यात स्टिरॉइड असतं. ते घेतलं की चार दिवस माणूस टवटवीत होतो, भूक लागते, सांधे मोकळे होतात. वारंवार घेतलं की शरीराच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतात, आणि गोळी थांबवल्यावरचा थकवा पहिल्यापेक्षा भयंकर असतो. चिठ्ठीवर नाव नसलेली पुडीतली गोळी घेऊ नका, आणि हातात टोचलेल्या इंजेक्शनचं नाव विचारायला लाजू नका.

उपायाच्या आधी कारण शोधायचं. आणि शोधायचं तर सुरुवात रक्तापासून.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पाच वर्षांपूर्वीच्या फेरीत हाच आकडा 48 टक्के होता. बाईचं हिमोग्लोबिन 12च्या खाली आणि पुरुषाचं 13च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. हिमोग्लोबिन फुप्फुसातला प्राणवायू स्नायूंपर्यंत वाहून नेतं. ते कमी झालं की हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त ठोके द्यावे लागतात. म्हणून चढ चढताना धाप, छातीत धडधड, उठताना डोळ्यांपुढे अंधारी. रक्तक्षय हळूहळू वाढला तर शरीर त्याच्याशी जुळवून घेत राहतं. हिमोग्लोबिन आठवर येऊनही बाया खुरपायला जात असतात आणि "मला काही होत नाही, नुसता दम लागतो" म्हणतात.

लोह कमी का पडतं? पाळीत जास्त रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणं, शेवटी उरलेलं जेवण ही कारणं आहेतच. पश्चिम पट्ट्यात आवणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभं राहावं लागतं. उघड्यावर शौच होत असेल तिथल्या ओल्या मातीतून आकडेकृमी तळपायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितो. जंताची साधी गोळी त्यावर चालते, पण ती घ्यायचं डोक्यात यायला हवं. आणि बांधावरचा तो जेवणावरचा चहा! चहातली द्रव्यं अन्नातल्या लोहाला आतड्यातच धरून ठेवतात. भाकरी आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलं, भाकरीबरोबर लिंबू, पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो असं काही आंबट घेतलं, तर त्याच जेवणातून जास्त लोह अंगी लागतं. पैसा न लागणारा हा उपाय कुठल्याही टॉनिकपेक्षा आधी करण्याजोगा आहे.

पूर्व भागाच्या जेवणातली बाजरी इथे कामाची. लोह जास्त असलेलं 'धनशक्ती' हे बाजरीचं वाण 2012 मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झालं. महाराष्ट्रातल्याच शाळकरी मुलांवर, वय वर्षं 12 ते 16, अशा लोहयुक्त बाजरीचा प्रयोग झाला. एका गटाला दोन्ही वेळच्या जेवणात तिची भाकरी, दुसऱ्या गटाला साध्या बाजरीची. 2015 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. सुरुवातीला लोहाची कमतरता असलेल्या मुलांपैकी लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या दीडपटीहून जास्त होती. औषध एकच, भाकरी.

रक्तक्षय झालेलाच असेल तर मात्र भाकरीवर भागत नाही, गोळ्या लागतात. त्या आशाताईंकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळतात आणि अनेक घरांत फडताळात पडून राहतात, कारण मळमळतं, शौचाला काळी होते. काळी शौच हा लोहाचाच रंग आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ फार असेल तर गोळी बंद करण्याऐवजी डॉक्टरांना सांगावं. ते कधी एका दिवसाआड गोळी देतात. लोहाची गोळी घेतली की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पुढचे चोवीस तास आतडं लोह कमी शोषतं, म्हणून एक दिवस सोडून घेतलेली गोळी चांगली अंगी लागते असं दिसलं आहे. हिमोग्लोबिन वर आल्यावरही गोळ्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात, कारण रक्त भरलं तरी साठा भरलेला नसतो. हा साठा फेरिटिनच्या तपासणीत कळतो. 2012 साली फ्रान्समधल्या सुमारे दोनशे स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं हिमोग्लोबिन ठीक होतं, फेरिटिन कमी होतं, आणि त्या थकलेल्या होत्या. बारा आठवडे लोह दिल्यावर त्यांचा थकवा निम्म्याच्या आसपास उतरला. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांचा तीस टक्क्यांच्या आत. "हिमोग्लोबिन चांगलं आहे, तुम्हाला काही झालेलं नाही" हे वाक्य म्हणून नेहमी पुरेसं नसतं.

दुसरं कारण या भागात विशेष लक्ष देण्याजोगं आहे: बी-12. ओतूर हे तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांच्या समाधीचं गाव, आळे हे माउलींच्या रेड्याच्या समाधीचं. या पट्ट्यात माळकरी घरं भरपूर, आणि माळ घातली की मांस, मासे, अंडी बंद. बी-12 जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नात जवळजवळ नसतं. माळकऱ्याला ते दूध, दही, ताकातूनच मिळायचं. अर्धा लिटर दुधात दिवसाच्या गरजेइतकं असतं. पण गोठ्यातलं दूध डेअरीला जातं आणि घरात चहापुरतं राहतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 441 वरवर निरोगी मध्यमवयीन पुरुष तपासले होते, त्यांत खेड्यातले होते, झोपडवस्तीतले होते आणि शहरी मध्यमवर्गीयही. 2006 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात 67 टक्के पुरुषांचं बी-12 कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्क्यांचं. बी-12 घटलं की थकव्याबरोबर तळपायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसराळूपणा, जीभ लाल होणं अशी लक्षणं दिसू शकतात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांतही ते घटतं. बी-12 कमी असताना नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या तर रक्त सुधारतं आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. माळ काढायची काही गरज नाही. गोळी किंवा इंजेक्शन घेता येतं, आणि रोज पेलाभर दूध नि वाटीभर दही घरच्या बाईच्या नावाने बाजूला ठेवता येतं.

बाकीची कारणं भरभर सांगतो, कारण ती कुठल्याही चांगल्या डॉक्टरला ठाऊक असतात, फक्त पेशंटने सांगायला हवं. थायरॉइड मंदावली तर थंडी सोसत नाही, वजन वाढतं, केस गळतात. टीएसएचची एक तपासणी पुरते. मधुमेहात तहान आणि लघवी वाढते. दोन आठवड्यांवरचा खोकला, संध्याकाळची कणकण आणि वजन घटणं म्हणजे क्षयाची तपासणी, आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत आहे. जोरात घोरणारा आणि दिवसा बसल्या बसल्या पेंगणारा माणूस झोपेत श्वास अडकणारा असू शकतो. द्राक्षबागेत, टोमॅटोत हातमोजे नि मास्कशिवाय फवारणी करणाऱ्याला डोकेदुखी, घाम, अंधुक दिसणं आणि गळाठा जाणवत असेल तर काय फवारलं ते डॉक्टरांना डब्यासकट दाखवावं. मनाच्या आजाराचंही तसंच. उदासीनतेत पुष्कळदा रडू येत नाही, नुसतं काहीच करवत नाही. त्यासाठी 14416 हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

इथे थोडं थांबून गोव्याकडे पाहू या. 2005 साली डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यातल्या 18 ते 50 वयाच्या 2,494 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 12 टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा होता. लोकांची अटकळ होती की कारण रक्तक्षय निघेल. पण हिमोग्लोबिनचा या थकव्याशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो गरिबीशी, कमी शिक्षणाशी, कर्जाशी, उपासमारीशी, नवऱ्याच्या लैंगिक हिंसेशी, मनावरच्या ताणाशी आणि अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं अशा तक्रारींशी. या शेवटच्या तक्रारी किती असतात हे डॉ. राणी आणि अभय बंग यांनी 1989 मध्येच जगापुढे मांडलं होतं: गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्यातल्या फारच थोड्या डॉक्टरपर्यंत पोचल्या होत्या. ऊसतोडीला येणाऱ्या बायांची गोष्ट याच्याही पुढची. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये झालेल्या सरकारी पाहणीत 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंडाशयंही त्याबरोबर गेली असतील तर तिशीतच पाळी जाण्याचे परिणाम भोगावे लागतात: झोप उडणं, हाडं दुखणं, आणि थकवा. गोव्याच्या अभ्यासाचा अर्थ रक्त तपासू नका असा नाही. रक्ताच्या रिपोर्टाबरोबर त्या बाईला "घरी कसं चाललंय?" हेही विचारावं लागतं, आणि ते नवरा-सासू बाहेर बसलेले असताना विचारावं लागतं.

आता अवघड भाग. सगळ्या तपासण्या झाल्या, रक्त ठीक, थायरॉइड ठीक, साखर ठीक. तरी माणूस वाळत चाललाय, आणि जितका जोर लावतो तितका खाली जातो. बऱ्याचदा सुरुवात एखाद्या तापाने झालेली असते. 2006 मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली तेव्हा ताप आठवड्यात गेला आणि सांधे नि शीण अनेकांच्या अंगात महिनोन् महिने राहिले. कोविडनंतर हाच अनुभव जगभर आला. यातल्या काहींना जो आजार जडतो त्याला वैद्यकात मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटिग सिंड्रोम म्हणतात. 2015 मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने त्याची ओळख ठरवून दिली. सहा महिन्यांहून जास्त काळ पूर्वीसारखं काम न होणं, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि श्रमानंतर आजार बळावणं. त्याबरोबर एक तर विचार-स्मरण मंदावणं, नाहीतर उभं राहिल्यावर त्रास वाढणं.

यातली खूण पटवणारी गोष्ट आहे श्रमानंतरचं बळावणं. ते लगेच होत नाही. बाई सोमवारी बरी वाटली म्हणून घर सारवून काढते, धुणं धुते, आणि बुधवारी आडवी होते. अंग ठणकतं, घसा दुखतो, उजेड सोसवत नाही, बोललेलं डोक्यात शिरत नाही. मध्ये एक-दोन दिवस गेल्यामुळे सोमवारचा आणि बुधवारचा संबंध कुणी लावत नाही. घरचे म्हणतात, "परवा तर टुणटुणीत होती, आज नाटकं." अशा रुग्णांना सलग दोन दिवस सायकल चालवायला लावून प्राणवायूचा वापर मोजला, तर निरोगी माणूस दुसऱ्या दिवशी जवळपास तेवढंच काम करतो आणि यांची क्षमता घसरलेली सापडते. हे सोंग नाही, मोजता येणारं आहे.

तरीही नाटकाचा ठपका या आजारावर खूप जुना आहे. 1955 मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातले जवळपास तीनशे कर्मचारी अशा दुखण्याने आजारी पडले आणि रुग्णालय काही महिने बंद ठेवावं लागलं. त्यात परिचारिका जास्त होत्या. 1970 मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णांना न तपासता, जुनी कागदपत्रं चाळून, हा सामूहिक उन्माद होता असं लिहून टाकलं. पुढची कित्येक वर्षं रुग्णांना "हळूहळू व्यायाम वाढवा, सवय होईल" असं सांगितलं गेलं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2007च्या मार्गदर्शिकेत तसा सल्लाच होता. अनेकांची तब्येत त्याने खालावल्याच्या तक्रारी साचत गेल्या आणि 2021 मध्ये त्याच संस्थेने ठरावीक प्रमाणात वाढवत नेण्याचा व्यायाम या आजारात देऊ नये असं नव्या मार्गदर्शिकेत लिहिलं. त्याऐवजी आहे त्या शक्तीच्या मर्यादेत राहायला शिकवावं, असं तिथे म्हटलं आहे. पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही.

मर्यादेत राहायचं म्हणजे काय, हे विहिरीवाल्या शेतकऱ्याला चटकन समजेल. उन्हाळ्यात विहिरीला जेवढं पाणी उमळतं तेवढंच उपसायचं असतं. मोटर कोरडी पडेस्तोवर चालवली तर पाणीही जातं आणि मोटरही. पण शेतावर हे करायचं कसं? पहिलं काम म्हणजे वही. दोन आठवडे रोज चार ओळी: काय काम केलं, किती वेळ, झोप कशी लागली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसं वाटलं. लिहिता येत नसेल तर शाळकरी नातवंडाला सांगावं. बुधवारचं पडणं सोमवारच्या कशामुळे, हे त्या वहीत दिसू लागतं. मग ज्या कामाने बळावतं त्याच्या आधीच थांबायचं. तासाभराच्या स्वयंपाकाने पडायला होत असेल तर वीस मिनिटं काम, पंधरा मिनिटं आडवं, पुन्हा वीस मिनिटं. दम लागल्यावर बसायचं नाही, दम लागायच्या आधी बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे, कारण लहानपणापासून आपल्याला उलट शिकवलेलं असतं. आणि ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायचा मोह आवरायचा. या आजारात माणूस सर्वांत जास्त पडतो तो बऱ्या दिवशी.

उभं राहणं हेच अनेकांना कष्टाचं असतं. दहा मिनिटं उभं राहिल्यावर नाडी निजलेल्या वेळेपेक्षा तीस ठोक्यांनी किंवा त्याहून वाढत असेल, डोकं हलकं होत असेल, तर डॉक्टरांना ते सांगावं. त्यावर वेगळे उपचार आहेत. गॅसच्या ओट्याशी उभं राहून भाकरी थापण्यापेक्षा पाटावर बसून थापलेली बरी. ओटा आला म्हणून पाट मोडीत काढू नका. अंघोळ बसून, कडक पाण्याऐवजी कोमट पाण्याने. भाजी निवडणं, लसूण सोलणं, कांद्याची काटणी ही कामं बसून आणि सावलीत. पाण्याचा हंडा, क्रेट, गवताचा भारा ही कामं दुसऱ्याची. दुपारची झोप तासाभराच्या आत ठेवावी, म्हणजे रात्रीची मोडत नाही. फोनवरचं बोलणं, लग्नातला गोंगाट, बँकेतली कागदपत्रं यांचाही शीण येतो, तोही वहीत धरावा. आणि एक इशारा: हे सारं या विशिष्ट आजारासाठी आहे. मधुमेह, उदासीनता, साध्या रक्तक्षयातून सावरताना हळूहळू चालणं-फिरणं वाढवल्याने फायदा होतो. म्हणून निदान आधी, विश्रांतीचं गणित नंतर.

पण ज्या घरात दोनच हात राबतात तिथे "विश्रांती घ्या" हा सल्ला क्रूर वाटू शकतो. मला त्यावर एकच खरं उत्तर दिसतं, आणि ते याच डोंगरातलं आहे. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात पडकई नावाची रीत आहे. एकाच्या खाचराचं काम निघालं की सगळे मिळून तिथे जातात, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही, श्रमाची फेड श्रमाने. पुढे भातखाचरं तयार करण्याची एक सरकारी योजनाही याच नावाने चालली. आजारी बाईच्या घरी ही पडकई का नसावी? एका शेजारणीने आठवड्यातून दोनदा पाणी भरायचं, दुसरीने दळण आणायचं, दिराने सकाळची धार काढायची. ती उठली की लसूण सोलून देईल, मुलांचा अभ्यास घेईल, बचत गटाची वही लिहील. जमेल तेवढी फेड करील, कमी पडली तर हिशेब धरायचा नाही.

या पानांमध्ये तुम्हाला तुमच्या घरातलं कुणी दिसलं असेल, तर येत्या आठवड्यात एवढं करा. जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव इथली ग्रामीण रुग्णालयं किंवा मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, जवळ पडेल तिथे तिला घेऊन जा. "अशक्तपणा आहे" एवढ्यावर थांबू नका. कधीपासून, कशाने वाढतो, पाळीत किती जातं, झोप कशी, वजन घटलं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे सगळं सांगा. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि जमलं तर बी-12 व फेरिटिन तपासून घ्या. शौचातून किंवा थुंकीतून रक्त, छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, असं काही असेल तर आठवड्याचीही वाट पाहू नका. आणि रिपोर्ट काहीही येवो, ती थकले म्हणते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवा.